फोनवर पलंग कोण घेतं?

३ ऑक्टोबर

काढलं मला. बारा माणसांसमोर काढलं!

चहा अजून कोणी तोंडालाही लावला नव्हता, तेवढ्यात हैसमने काम उरकलं. आठ महिन्यांपूर्वी दुबईहून परत आला, बापाच्या खुर्चीला खुर्ची लावून बसला, आणि आज मला विचारतो — "नऊ वर्षं आमची वेबसाइट तुझ्या हातात आहे, इब्तिहाल. गिऱ्हाईक दर महिन्याला कमी होतंय. तू कोणाला फितूर आहेस ते तरी सांग."

फितूर!

मी म्हटलं, गिऱ्हाईक का कमी होतंय ते मी तीनदा लेखी दिलंय. दहातली आठ माणसं फोनवरून येतात आणि आपली साइट फोनवर फुटते. अक्षरं मुंगीएवढी, किमती पडद्याबाहेर, बटण दाबायला जावं तर भलतंच दाबलं जातं. घरी बसून मी नवी करून ठेवलीय. मोठ्या पडद्यावर पसरते, छोट्यावर आवरून बसते, एकच साइट सगळीकडे. तुम्ही फक्त हो म्हणा.

हैसमने खिशातून फोन काढला. दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवला, मेलेला उंदीर दाखवावा तसा.

"ह्याच्यावर? ह्या एवढ्याशा काचेवर आईबाप लेकीचा पलंग पसंत करणार? अगं बाई, फोनवर पलंग कोण घेतं?"

हसले सगळे. हिशेबनीस हसला, ड्रायव्हर हसला. मी ज्यांच्या बायकांच्या बाळंतपणाला डबे नेले तेही हसले.

हैसमचे वडील, आमचे मालक हाजी बहगत हसले नाहीत. बोललेही नाहीत. हातातली जपमाळ ओढत खाली बघत राहिले. मला पोरी म्हणणारा माणूस! फर्निचर म्हणजे काय हे मला ह्याच माणसाने दाखवलं. एक शब्द टाकला असता तर मी आज घरी आले नसते.

हैसमचा राग येतोय. हाजींचा त्याहून जास्त.

५ ऑक्टोबर

आईला माझ्याआधी बाजाराने सांगितलं. "लोक म्हणतात तू बहगतांच्या धंद्यात मुद्दाम खोडा घातलास. खरं का गं?" स्वतःच्या आईने विचारलं!

अख्ख्या इजिप्तमधल्या नवऱ्यामुलींचं सामान आमच्या दुम्यातमध्ये बनतं, दर दुसऱ्या दारात सुतार. एकाने रंधा थांबवून सांगितलं की दुपारपर्यंत गावभर. आज तीन ठिकाणी काम मागायला गेले. तिघांनी चहा पाजला. तिघांनी नंतर कळवतो म्हटलं.

हैसम, तुझी जिरवली नाही तर नाव लावणार नाही.

८ ऑक्टोबर

मूर्खाने पासवर्डसुद्धा बदललेला नाही!

सकाळी सहज टाकून पाहिला आणि थेट आत! नऊ वर्षांचं काम माझ्या समोर. फोटो, किमती, सगळं. एका बटणाचं अंतर. पुसून टाकलं असतं तर दुपारच्या जेवणाआधी बहगत फर्निचर जगातून गायब.

बोट ठेवलं होतं. मग उचललं. दया आली म्हणून नाही. पुसलं असतं तर हैसम छाती पुढे काढून म्हणाला असता — बघा, सांगत नव्हतो, फितूर!

नको. साइट आहे तशी राहू दे. तीच त्याला खाईल. मी फक्त शेजारी चूल पेटवणार.

१९ ऑक्टोबर

चूल सापडली.

मशिदीमागच्या गल्लीत सनियाबाईंचा कारखाना. तीन वर्षांपूर्वी नवरा गेला, सहा कारागीर तेवढे उरले. दुकान नाही, पाटी नाही. माल बनवायचा आणि मोठ्या दुकानदारांना द्यायचा — ते त्याच्यावर आपलं नाव चिकटवून विकणार. बहगतांच्या दुकानातल्या निम्म्या आरामखुर्च्या हिच्या हातच्या! पॉलिश बाई स्वतः करते. दोन्ही हात मनगटापर्यंत तपकिरी.

मी सगळं सांगितलं. लपवलं काही नाही.

"मला वेबसाइट कशाला? मला तर दुकानच नाही."

"म्हणूनच," मी म्हटलं. "लोकांच्या खिशात दुकान टाकू तुमचं."

हातातलं फडकं खाली ठेवून तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "खरं सांग, पोरी. तुला माझं भलं करायचंय, की बहगतचं वाटोळं?"

"दोन्ही."

"मग बस. नुसतं भलं करायला येतात ना, त्यांची मला भीती वाटते."

तिथेच फरशीवर बसून पाव, पांढरं चीज आणि काकडी खाल्ली. सोळा दिवसांनी जेवणाला चव लागली.

२ नोव्हेंबर

काम, काम, काम. हैसमने नको म्हटलेली साइट घरी पडलीच होती. तिचे कपडे उतरवले, नवे चढवले. संगणकावर चित्रांच्या तीन रांगा, टॅबलेटवर दोन, फोनवर एकच — पण चित्र काठोकाठ, गादीची शिवण दिसावी इतकं. फोटो हलके केले. खेड्यात नेट रांगतं, तिथे जड फोटो उघडेपर्यंत माणूस दुसऱ्या दुकानात जातो.

बटण केवढं असावं? सनियाबाईंना म्हटलं अंगठा दाखवा. कागदावर ठेवून माप घेतलं. तपकिरी ठसा उमटला. म्हटलं, ज्याचा अंगठा ह्याहून जाड असेल त्याने पायाने दाबावं!

बाई हसून हसून खोकत बसली.

९ नोव्हेंबर

गल्लीतल्या सगळ्यांचे फोन मागून आणले. तडा गेलेला, जुना, चिनी, कॉफीवाल्याचा तो खापरासारखा. प्रत्येकावर उघडून पाहिलं. आडवा धरून, उभा धरून. कॉफीवाल्याच्या खापरावर किमतीची ओळ खाली घसरत होती. दोन दिवस त्या ओळीशी भांडले. बसली शेवटी.

कॉफीवाला म्हणाला, "माझ्या फोनवर फोनसुद्धा नीट येत नाहीत, पलंग मात्र मस्त आला!"

२१ नोव्हेंबर

पहिलं गिऱ्हाईक!!

सनियाबाईंचा फोन वाजला. एक बाई बसमधून ओरडत होती, मागे कंडक्टरचा आवाज. "तुमचा तो हिरव्या गादीचा सोफा — तोच ना, सातव्या नंबरचा? — मी बघतेय आत्ता. तो माझ्या मुलीसाठी ठेवा. मन्सूऱ्याहून येतेय, शुक्रवारी. कोणाला देऊ नका हं!"

सनियाबाईंनी फोन ठेवला आणि सहाही कारागिरांना काम थांबवायला लावलं. सहाही तोंडांकडे एकदा बघून घेतलं. परत कामाला लावलं.

हैसम, ऐकलंस? बसमध्ये उभी राहून, एका हाताने दांडा धरून, दुसऱ्या हाताने सोफा घेतला तिने!

११ डिसेंबर

आजचं लग्नाचं गिऱ्हाईक लिहून ठेवलंच पाहिजे. नवरामुलगा कुवेतमध्ये, बांधकामावर, चहाच्या सुट्टीत फोनवर बघतोय. नवरी इकडे तंता शहरात, बापाच्या ऑफिसातल्या संगणकावर. तिची आई घरी टॅबलेटवर. तिघं एकाच वेळी फोनवर बोलतायत, आणि मी सनियाबाईंच्या शेजारी.

आई म्हणते, "चौथं कपाट. आरसा बाहेरून असलेलं."

मुलगा म्हणतो, "काकू, मला आधी पलंग बघू दे की!"

"पलंग नंतर. झोपायची घाई तुलाच आहे."

नवरी खिदळतेय. बाप मागून खोकतोय.

पण तिघांना दिसत एकच होतं! चौथं कपाट म्हणजे चौथंच कपाट, किंमत तीच, रंग तोच. आईने अक्रोडी रंग विचारला, सनियाबाई हो म्हणाल्या, मी एकाच जागी बदललं आणि तिघांच्या पडद्यावर बदललं. पाऊण तासात अख्खं घर ठरलं.

आणि तिकडे? तिकडे हैसमला उशिरा का होईना जाग आली, तर त्याने फोनसाठी वेगळी दुसरी साइट करून घेतली. दोन साइटी! एकीवर किंमत बदलतो, दुसरीवर विसरतो. कालच चक्कीवर एक म्हातारा ओरडत होता, "बहगतच्या मुलाने मला फोनवर एक भाव दाखवला आणि दुकानात दुसरा. चोर आहे चोर!"

मी पिठाची पिशवी भरून घेतली. घरी येईपर्यंत गाणं म्हणत होते.

१५ जानेवारी

नेटवर शोधलं की सनियाबाई पहिल्या पानावर. फोनवर नीट उघडते तिला वर ढकलतात, बाकीच्यांना खाली. मी हेच तर लिहून दिलं होतं — तिसऱ्या पत्रात, दुसऱ्या परिच्छेदात!

बहगत दुसऱ्या पानावर. दुसऱ्या पानावर कोण जातं? कबरस्तानात तरी ईदला लोक जातात.

२ फेब्रुवारी

बहगतांच्या दारात आज एकही टेम्पो नाही. दोनदा मुद्दाम त्या रस्त्याने गेले.

३ फेब्रुवारी

आज तिसऱ्यांदा.

२० फेब्रुवारी

सनियाबाईंनी आणखी पाच कारागीर ठेवले. शेजारचा गाळा घेतला. पाटी लावायची का विचारलं तर म्हणते, "पाटी कशाला, लोक फोन बघत बघत दारात येतात आणि धडकतात."

मला मात्र आज म्हणाली, "तू हसतेस तेव्हा दात दिसतात, पोरी. डोळे नाही हसत."

मी म्हटलं, हैसम दुकान बंद करेल त्या दिवशी हसतील.

"आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी?"

काय पण प्रश्न!

२८ मार्च

रमजान. हाजी बहगत दुकानात दिसत नाहीत म्हणे. मुलीकडे अलेक्झांड्रियाला गेलेत, समुद्राची हवा खायला. बरं झालं. दुकान रिकामं होताना बघायला नको. तेव्हाही खाली बघत होते, आताही दुसरीकडे बघा.

हे लिहिताना उपवास होता. तरी लिहिलं.

२६ एप्रिल

सापडला! सापडला!!

साइटवर कोण येतं ते मोजणीत दिसतं — कुठल्या गावचा, फोन की संगणक, किती वेळ. त्यात एक फोन आहे. इथलाच, दुम्यातचा. रोज येतो. ईदच्या दिवशीसुद्धा आला! दोन-दोन, तीन-तीन तास. प्रत्येक चित्र उघडतो, मोठं करतो, पायांची नक्षी बघतो, खालच्या कोपऱ्यातले सांधे बघतो. पुढचं चित्र. परत मागचं. विचारत काही नाही, घेत काही नाही.

गिऱ्हाईक असं बघत नाही. चोर असं बघतो.

हैसम! दुसरा कोण? नक्षी उतरवून घेतोय, किंवा नुसताच जळतोय. काहीही असो — रोज तीन तास माझ्या हाताखाली बसतोय. देवा, ह्याहून गोड काय असेल!

२७ एप्रिल

त्याच्यासाठी एक ओळ लिहिली. पहिल्याच पानावर, सगळ्यात वर:

"फोनवर पलंग कोण घेतं, असं विचारणाऱ्यांनी इथे दाबा."

दाबलं की घराघरांत पोचलेल्या पलंगांचे फोटो. नवऱ्या, सासवा, पोरं, एका पलंगावर तर मांजर.

सनियाबाई म्हणाल्या, "हे कोणासाठी?" मी म्हटलं, गिऱ्हाइकांना गंमत वाटेल. तिने ओठ मुडपले. पण काढ म्हणाली नाही.

२९ एप्रिल

दाबलं!!! काल एकदा, आज दोनदा.

१४ मे

रोज दाबतो. रोज! न चुकता, आल्या आल्या. मी सकाळी कॉफी घेते आणि मोजणी उघडते. आज चार वेळा दाबलं. भाजून निघ हैसम, चांगला खरपूस.

१२ जुलै

रास अल-बरला फर्निचरचं प्रदर्शन. समुद्राकाठी तंबू, उकाडा, अख्ख्या नाईलकाठची कुटुंबं सुट्टीला आलेली. आमचा ठेला छोटा, तीन खुर्च्या आणि एक पलंग. समोरच बहगत — दिवे, गालिचे, सूट घातलेला हैसम. मागे भिंतीएवढा फलक, त्यावर तो काळा-पांढरा चौकोन. फोन समोर धरा, आमचं अख्खं दुकान बघा!

धरले लोकांनी फोन. मी हाताची घडी घालून बघत राहिले. फोनची ती वेगळी साइट भावांच्या बोंबेनंतर त्याने कधीच बंद केली होती, चौकोन जुनीच साइट उघडत होता.

एक धिप्पाड बाई, कफ्र-अश-शेखची, पाठीमागे दोन मुली. चौकोन टिपला. मग दोन बोटांनी काच ताणायला लागली. ताणते, ताणते.

"हे काय हो साहेब? पलंगाचा एकच पाय दिसतोय!"

हैसम वाकून म्हणाला, "बाजूला सरकवा, काकू."

"सरकवला. आता उशी आली. पाय गेला."

"जरा छोटं करा."

"छोटं केलं. आता हा पलंग आहे की काड्यापेटी?" मुली हसायला लागल्या. भोवती माणसं जमली, जो तो आपापल्या फोनवर तोच पाय शोधतोय. कोणीतरी ओरडलं, "मला कपाटाचं दार सापडलं, कपाट कोणाकडे आहे?"

आणि ती बाई वळली. सरळ माझ्याकडे आली. "तुमचं तरी उघडतं का गं?"

उघडलं. तिथल्या तिथे उघडलं. पलंग — चारही पायांसकट.

त्यानंतर लोंढाच! सनियाबाईंना पाणी प्यायला वेळ नाही. समोर हैसम दिव्यांखाली एकटा, सूट घामाने काळा. जन्मभर पुरेल असं दृश्य. मी ते घोट घोट प्यायले.

प्रदर्शन उठायच्या वेळी तो आला. आवाज खाली. "पोट भरलं तुझं?"

मी म्हटलं, "अजून नाही."

"काय हवंय तुला?"

"बारा माणसं बोलाव. त्यांच्यासमोर सांग की इब्तिहाल फितूर नव्हती, मीच गाढव होतो."

तो जायला वळला. मग मी मुद्दाम म्हटलं, "आणि रोज तीन-तीन तास माझी साइट बघतोस, तर कधी शिकतोस तरी? नुसती बटणं दाबतोस."

"मी?" कपाळाला आठ्या. "मी तुझी साइट उघडलीही नाही कधी. माझ्याच्याने बघवत नाही."

खोटारडा!

१३ जुलै

खोटारडाच. पण चेहरा तसा नव्हता.

२३ जुलै

आज लिहायलाच हवं.

दुपारी सनियाबाईंच्या कारखान्यात तहियाकाकू आल्या. हैसमची आई, हाजींची बायको. मोटार नाही, सोबत कोणी नाही. भुशात पाय बुडवत आल्या आणि म्हणाल्या, "इब्तिहाल, दोन मिनिटं देशील?"

माझ्या डोक्यात एकच — हैसमने आईला पुढे केलं! मग मी काही बघितलं नाही. नऊ महिन्यांचं सगळं ओतलं. म्हटलं, त्या दिवशी तुमच्या लेकाने मला भर माणसांत फितूर म्हटलं तेव्हा दोन मिनिटं कोणाकडे होती? माझी आई बाजारात जायची बंद झाली तेव्हा? आता तुमचा लेक रोज चोरून माझी साइट बघतो, माझ्या ओळीवर बोट ठेवून ठेवून जळतो — जळू दे! त्याला सांगा, दुकानाला कुलूप लागेल तेव्हा मी मिठाई वाटणार आहे.

रंधे थांबले होते. सगळे कारागीर ऐकत होते.

तहियाकाकूंनी बोलू दिलं. संपल्यावर म्हणाल्या, "हैसम नाही गं बघत. हाजी बघतात."

"हाजी तर अलेक्झांड्रियाला आहेत," मी म्हटलं.

"रमजान लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी पडले. उजवं अंग गेलं. बोलणं जड झालंय. अलेक्झांड्रिया वगैरे काही नाही, घरीच आहेत, मागच्या खोलीत. हैसम म्हणाला, बाजाराला कळलं तर म्हणतील बहगत संपला, म्हणून आम्ही दार लावून घेतलं. कुणी भेटायला येत नाही, कारण कुणाला माहीतच नाही." डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने त्यांनी तोंड पुसलं. "उशीवर पडून डाव्या हातात फोन धरतात. आपलंच दुकान बघायला मागितलं आधी. आमची साइट उघडून दिली — एका अंगठ्याने ती सरकतच नाही, दोन बोटं लागतात. त्यांना दुसरं बोट कुठलं? फोन छातीवर पडायचा. एकदा तोंडावर पडला. मग नातीने तुमची लावून दिली. ती एका अंगठ्याने चालते. दिवसभर तेच. लाकूड बघतात, सांधे बघतात. म्हणतात, सनियाने हे छान केलंय, हे घाईत केलंय."

सनियाबाई खाली बसल्या.

"आणि ती वरची ओळ," काकू म्हणाल्या, "ती रोज वाचतात. मोठ्याने वाचायला जातात, शब्द फुटत नाहीत. मग दाबतात. त्या पलंगावरच्या मांजराला बघून हसतात. मला विचारत होते, ही ओळ इब्तिहालने कोणासाठी लिहिली असेल? म्हटलं, मी विचारून येते."

ते विचारायला आल्या होत्या. एवढंच.

त्या दिवशी हाजी जसे खाली बघत होते, तशी मी भुशाकडे बघत उभी होते. काकू गेल्या तरी तशीच.

२४ जुलै

ओळ काढली. मांजर ठेवलं.

मोजणी उघडली नाही. कॉफी गार झाली.

२५ जुलै

सनियाबाईंना विचारलं, बटण बदलू का. आपलं अरबी सगळं उजवीकडून लिहायचं, म्हणून 'फोन करा'ही उजव्या कोपऱ्यात. डावा अंगठा तिथवर ताणावा लागतो. म्हटलं, ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत अख्खं आडवं करते, कुठूनही पोचेल.

"एका म्हाताऱ्यासाठी?"

"हो."

थोडा वेळ पॉलिश करत राहिली. "कडेवर पोर असलेल्या बायाही डाव्याच हाताने फोन धरतात. कर." मग पाठमोरीच — "आणि बहगतची साइटही करणार असशील तर कर. मला विचारायला येऊ नकोस. मी नाही म्हणेन."

मी कुठे करणार म्हटलंय? हैसमबद्दलचा राग तसाच आहे. कालच्याएवढा. तपासून पाहिला.

पण रात्रंदिवस डोळ्यांसमोर हैसम नाही येत. तोंडावर पडलेला फोन येतो.

२६ जुलै

बटण बसवलं. डाव्या हाताने, एकाच अंगठ्याने, अख्खी साइट तीनदा फिरले. उजवा हात पाठीमागे धरून. दोन ठिकाणी अडलं. ती दोन्ही दुरुस्त केली.

भेटायला जावं का? काय तोंडाने? आणि मी का जाऊ? त्यांनी एक शब्द टाकला असता तर!

दोन्ही खरं आहे. दोन्ही कुठे ठेवू?

३० जुलै

सकाळी कारखान्याचा फोन वाजला. सनियाबाईंचे हात पॉलिशमध्ये, मी उचलला. पलीकडे नुसता श्वास. मग जड, ओला आवाज, एकेक शब्द ओढून आणलेला —

"इब्तिहाल. बारावा पलंग. अक्रोड लिहिलंस. अक्रोड नाही ते. साधं बीचचं लाकूड आहे. खोटं लिहू नये."

मी म्हटलं, "दुरुस्त करते, हाजी."

"आत्ता."

"आत्ता."

खांद्यावर फोन धरून तिथेच बदललं. "झालं. बघा."

पलीकडे अंगठ्याची काचेवर ठकठक. मग, "दिसलं."

त्यांनी फोन ठेवला नाही. मीही नाही.